शिक्षकाची आठवण कुणी लिहायची?

(चेन्नईतील मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपण महाराष्ट्रातून या शहरात शिकायला आलो. या शहराशी बाबासाहेबांचं एक नातं आहे, ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. एक शिक्षक आणि त्यांचा एक विद्यार्थी यांच्यामुळे ते नातं जुळलं. आज त्याविषयी बोलतो.

शिक्षकांचं नाव प्रा. पी. लक्ष्मी नरसू. मद्रास ख्रिश्चन कॉलेज आज तांबरमला आहे. त्या काळी ते जॉर्ज टाउनमध्ये, हायकोर्टासमोर होतं. नरसू तिथे विज्ञान शिकवत, पुढे पच्चय्यप्पा कॉलेजात गेले. पगार विज्ञानाचा, पण ध्यास बुद्धाच्या तत्त्वज्ञानाचा. १९०७ साली त्यांचं 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' हे इंग्रजी पुस्तक निघालं. १९२२ साली जातिव्यवस्थेवर 'अ स्टडी ऑफ कास्ट' आलं. ते अस्पृश्य जातीत जन्मले नव्हते. तरीही पंडित अयोथी दासांनी इथल्या पददलितांमध्ये उभ्या केलेल्या बौद्ध चळवळीत ते सामील झाले. १९३४ साली ते वारले.

१९०७ हे साल आपल्याही ओळखीचं आहे. त्याच वर्षी भीमराव मॅट्रिक झाले आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या मुलाची एका शिक्षकाने आपणहून चौकशी केली, त्यातून हा स्नेह जुळला. पुढे बडोद्याच्या शिष्यवृत्तीसाठीही गुरुजींनीच खटपट केली. शिक्षकाची मैत्री माणसाला कुठवर नेते, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आता १९४८ सालात या. बौद्ध धम्मावर चांगलं पुस्तक कोणतं, असं लोक बाबासाहेबांना विचारत. त्यांचं स्वतःचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' यायला अजून नऊ वर्षं होती. त्यांनी नरसूंचं पुस्तक पुन्हा छापून घेतलं आणि त्याला प्रस्तावना लिहिली. पण लेखकाची ओळख करून द्यायची कशी? नरसूंना जाऊन चौदा वर्षं झाली होती. माहिती मिळाली ती त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून, मित्राकडून. त्या विद्यार्थ्याचं नाव डॉ. पट्टाभि सीतारामय्या.

होय, तेच. १९३५ साली काँग्रेसचा अधिकृत इतिहास लिहिणारे, आणि १९४८ मध्येच काँग्रेसचे अध्यक्ष झालेले. आणि बाबासाहेबांनी १९४५ साली काय लिहिलं होतं? काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचं काय केलं, याचा रोखठोक हिशेब मांडणारा ग्रंथ! राजकारणात दोघं दोन टोकांना. पण एका बौद्ध शिक्षकाचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून बाबासाहेबांनी विरोधी पक्षातल्या माणसाची आठवण मानाने घेतली. गोऱ्यांचा उद्दामपणा, सनातन्यांची कर्मठता आणि मिशनऱ्यांचा आक्रमक प्रचार या तिन्हींशी बुद्धाच्या आधाराने झुंजणारा माणूस, असं नरसूंचं चित्र त्या प्रस्तावनेतून उभं राहतं. मिशनऱ्यांच्याच कॉलेजात नोकरी करून हे करायला छाती लागते.

मला मात्र इथे एक गोष्ट टोचते. नरसूंकडून शिकणारे एकटे पट्टाभि नव्हते. कॉलेजाबाहेर, बौद्ध सभांमध्ये नरसूंना ऐकणारे कष्टकरीही होते. त्यांच्याही आठवणी असतीलच. पण प्रस्तावनेपर्यंत पोहोचली ती पदवीधराची आठवण. ज्याच्या हातात लेखणी, त्याचीच आठवण इतिहास होते. खुद्द नरसूंचं एक हस्तलिखितही वर्षानुवर्षं पडून होतं. जी. अलॉयसियस या अभ्यासकाच्या कष्टामुळे ते २००२ साली छापून निघालं.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही घरातले पहिले पदवीधर. आपल्या घरात जुनी पत्रं नाहीत, डायऱ्या नाहीत, आजोबांच्या नावाचं पुस्तक नाही. पण प्रत्येकाला एखादा शिक्षक भेटलेला असतो. कुणी फॉर्मची फी भरली, कुणी आडनाव न विचारता पुस्तक हातात दिलं, कुणी तासानंतर थांबून वाद घातला. बाबासाहेबांनी आपले कोलंबियातले तत्त्वज्ञानाचे शिक्षक जॉन ड्यूई यांचं ऋण १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये उघडपणे मान्य केलं. ड्यूईंचं नाव जगाला माहीत होतंच. आपल्या शिक्षकांचं नाव तालुक्यालाही माहीत नसतं.

तेव्हा आज रात्री खोलीवर गेलात की वहीत दोन पानं लिहा. शिक्षकांचं नाव, शाळेचं नाव, साल, त्यांनी काय शिकवलं आणि तुम्ही कशावर भांडलात, सगळं लिहा. त्यांचं चुकलं असेल तर तेही लिहा. ते हयात असतील तर फोन करून वाचून दाखवा. पुढे कधीतरी कुणीतरी विचारेल, हा माणूस कोण होता? त्या वेळी उत्तरासाठी दुसऱ्याच्या दारात जायची पाळी आपल्यावर येऊ नये.

जय भीम.