थंडीची बेगमी आणि बरणीचं शास्त्र

(हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आपल्याकडे बेगमी म्हटलं की उन्हाळा आठवतो. चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळतात, कैरीचं लोणचं मुरायला पडतं, कोकणात आमसुलं आणि फणसपोळ्या होतात. मृग लागायच्या आत हे सगळं डब्यांत भरून व्हायला हवं, कारण पुढे चार महिने उन्हाचा भरवसा नाही. आपला अडचणीचा काळ पावसाळा. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या बऱ्याच भागांत तो हिवाळा. ऑक्टोबरच्या आसपास पहिलं हिम पडतं, रात्रीत टोमॅटोची झाडं काळी पडतात आणि मळा मार्च-एप्रिलपर्यंत बंद होतो. भाजी तयार होण्याच्या दिवसांत तिथलं ऊन उतरणीला लागलेलं असतं, म्हणून तिथल्या घरांनी काच आणि आच यांचा आधार घेतला. बरणीत अन्न भरायचं, झाकण लावायचं, ठरलेल्या वेळेपर्यंत ठरलेली उष्णता द्यायची आणि थंड झालेली बरणी हिवाळाभर फडताळात ठेवायची. याला घरगुती कॅनिंग म्हणतात.

हा विषय मी दोन कारणांनी निवडला. आपल्या अनेक घरांतली मुलं-मुली आज त्या थंड मुलुखात राहतात. परसात टोमॅटो-भोपळे लावतात आणि शेजाऱ्यांचं पाहून बरण्याही भरतात. दुसरं म्हणजे हीच पद्धत आता व्हिडिओ पाहून आपल्या स्वयंपाकघरात येते आहे, आणि पुष्कळदा अर्धीच येते. अन्न चांगलं की वाईट हे आपण पिढ्यान्‌पिढ्या जिभेने आणि नाकाने ठरवत आलो. बंद बरणीपुढे या दोघांचं काही चालत नाही. तिथे मोजमापच लागतं, आणि ते मोजमाप प्रत्येक घरापर्यंत पोहोचवावं लागतं. आज मला सांगायचं आहे ते एवढंच.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. निकोला अपेर हा पॅरिसमधला मिठाईवाला. 1795च्या सुमारास तो प्रयोगांना लागला. शँपेनच्या जाड काचेच्या बाटल्यांत वाटाणे, मांस, रस्सा, दूध भरायचं, बूच घट्ट ठोकून तारेने बांधायचं आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. असं अन्न महिनोन्‌महिने टिकलं. 1810मध्ये फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँक दिले, पण एका अटीवर: आपली पद्धत त्याने पुस्तकात छापून सर्वांसाठी खुली करावी. अपेरने ती पाळली, आणि पुस्तकाच्या नावातच ते सर्व घरांसाठी आहे असं सांगितलं. अन्न का टिकतं, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. हवा काढून टाकल्याने टिकतं, असा त्या काळचा समज होता. सूक्ष्मजीव मरतात म्हणून टिकतं, हे लुई पाश्चरच्या कामातून उलगडायला आणखी अर्धं शतक जावं लागलं.

पुढची पायरी अमेरिकेत चढली गेली. जॉन लँडिस मेसन या पत्र्याच्या कारागिराने 30 नोव्हेंबर 1858 रोजी तोंडाला आटे असलेली बरणी आणि तिच्यावर फिरवून बसणारं जस्ताचं झाकण याचं पेटंट घेतलं. बूच, मेण, तार यांची कटकट संपली आणि तीच बरणी दरवर्षी वापरता येऊ लागली. आजही तिथे अशा बरणीला मेसनचंच नाव आहे. आता झाकण दोन भागांचं असतं: कडेला लवचीक लेप असलेली चपटी तबकडी आणि तिला धरून ठेवणारं कडं. बरणी तापली की आतली हवा बाहेर पडते. थंड होताना आत निर्वात होतं, तबकडी आत खेचली जाते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. कॅनिंग करणाऱ्या बाईला हा आवाज फार प्रिय.

पण खरा धोका या आवाजानंतरच सुरू होऊ शकतो, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे.

डिसेंबर 1895मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावात एका अंत्यविधीसाठी आलेल्या वादकांनी खारवलेलं हॅम खाल्लं. बरेच जण आजारी पडले, तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंजेम यांनी त्या मांसातून एक जिवाणू वेगळा केला. आज आपण त्याला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतो. त्याचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात, म्हणून शेंगांवर, बटाट्यावर, गाजरावरही असतात. हवा खेळती असेल तर ते स्वस्थ पडून राहतात. हवा नाही, आंबटपणा कमी, ओलावा भरपूर आणि तापमान घरातलं, एवढं जुळून आलं की ते रुजतात आणि विष तयार करतात. चांगली बंद झालेली भाजीची बरणी त्यांना हे सगळंच पुरवते. झाकण नीट बसलं याचा अर्थ एवढाच, की आत हवा नाही. आतलं अन्न सुरक्षित आहे की नाही, हे झाकण सांगत नाही.

या विषाला वास, चव, रंग नसतो. ते पोटात गेल्यावर साधारण 12 ते 36 तासांत पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. ताप सहसा नसतो, त्यामुळे घरच्यांना अन्नाची शंका येत नाही. अशी लक्षणं दिसली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगावं. विषावरचा उतारा जितका लवकर मिळेल तितकं चांगलं.

हे बीजाणू 100 अंशांच्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. त्यांना मारायला दाबाखालची वाफ लागते. 1895मध्ये बोस्टनचे डबाबंद अन्नाचे कारखानदार विल्यम लायमन अंडरवुड फुगून बिघडणाऱ्या डब्यांचं दुखणं घेऊन मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये गेले. तिथे सॅम्युअल प्रेस्कॉट यांच्याबरोबर त्यांनी कोणत्या डब्याला किती उष्णता किती वेळ द्यावी, याचा छडा लावला. हे ज्ञान त्यांनी पेटंटमध्ये बांधून ठेवलं नाही, प्रसिद्ध केलं. अपेरला घातलेली अट या दोघांनी आपणहून पाळली, असं मला वाटतं.

आजचा नियम एका आकड्यावर उभा आहे: सामू (पीएच) 4.6. सामू जितका कमी, तितका पदार्थ आंबट. बहुतेक फळं, जॅम, व्हिनेगरमधली लोणची यांचा सामू त्याखाली असतो. आंबटपणामुळे तिथे बोट्युलिनम रुजत नाही, म्हणून उकळत्या पाण्यात बरणी बुडवून ठेवणं पुरतं. शेंगा, मका, गाजर, बटाटा, डाळी, मांस यांचा सामू त्याच्या वर. त्यांना प्रेशर कॅनरच हवा, म्हणजे समुद्रसपाटीला 10-11 पौंड दाब आणि आत सुमारे 116 अंश. हिरव्या शेंगांच्या अर्ध्या लिटरच्या बरणीला 20 मिनिटं, मांसाच्या तुकड्यांना 75. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1917मध्येच सांगून ठेवलं आहे की आंबट नसलेल्या अन्नाला दाबाशिवाय पर्याय नाही.

हा नियम मोडला तर काय होतं, याचं उदाहरण जुनं नाही. एप्रिल 2015मध्ये ओहायोतल्या लँकेस्टर इथे चर्चच्या सहभोजनात बटाट्याच्या सॅलडमधून 29 जणांना बोट्युलिझम, म्हणजे हीच विषबाधा, झाली आणि एक व्यक्ती दगावली. सॅलडमधले बटाटे घरी बरणीबंद केलेले होते, दाबाऐवजी नुसत्या उकळत्या पाण्यात. करणाऱ्याच्या मनात आपुलकीच होती. चुकली ती पद्धत.

मग सामान्य घरांनी हे शास्त्र शिकलं कसं? 1910मध्ये साउथ कॅरोलिनातल्या एकेन परगण्यात मरी क्रोमर या शाळाशिक्षिकेने मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येक मुलीने एकराच्या दहाव्या हिश्श्यात टोमॅटो लावायचे, फळ डबाबंद करून विकायचं आणि पैसे स्वतःचे म्हणून ठेवायचे. ही कल्पना राज्याराज्यांत पसरली. 1914च्या कायद्याने तिथल्या कृषी विद्यापीठांचे विस्तार कार्यकर्ते गावोगाव पोहोचले, आणि गृहविज्ञान शिकवणाऱ्या बाई शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन दाब, वेळ आणि झाकण समजावू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग असताना कॅनिंगसाठी जादा साखर दिली गेली, सामुदायिक केंद्रं उघडली गेली, आणि 1943 या एका वर्षात तिथे 400 कोटींहून अधिक बरण्या भरल्या गेल्या, असं मानलं जातं. हे यश यंत्राइतकंच, शिकवायला दारात आलेल्या त्या बाईंचं आहे.

आता आपल्या घरांकडे येऊ. परदेशातल्या मुलींना माझी पहिली विनंती फोडणीबद्दल आहे. तपासलेल्या कृतीत कोरडा मसाला थोडा बदलला तर चालतं. तेल, कांदा, लसूण, ओली मिरची आपल्या अंदाजाने वाढवू नये. त्याने आंबटपणा उतरतो, आणि तेल जंतूंना उष्णतेपासून आडोसा देतं. फोडणी बरणी उघडल्यावर द्यावी, ती ताजीच चांगली लागते. लसूण नुसत्या तेलात घालून ओट्यावर ठेवू नये. 1985मध्ये कॅनडातल्या व्हँकूवरला अशाच लसणाने माणसं आजारी पडली होती. आपलं कैरीचं लोणचं टिकतं ते आंबटपणा आणि भरपूर मीठ यांच्या जोरावर, हे विसरू नये. तब्येतीसाठी मीठ कमी करायचं असेल, तर ते लोणचं फ्रिजमध्येच ठेवावं.

दुसरी गोष्ट आपल्या कुकरची. तोही दाबाचाच, मग त्यात बरण्या का ठेवू नयेत? कॅनिंगच्या वेळा ठरवताना मोठं भांडं हळूहळू तापायला आणि निवायला लागणारी मिनिटंही हिशेबात धरलेली असतात. आपला लहान कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो, त्यामुळे बरणीच्या मध्यापर्यंत पुरेशी उष्णता पोहोचेलच असं नाही. शिट्ट्यांवरून हा हिशेब बसत नाही. खऱ्या कॅनरमध्येही वजन ठेवण्याआधी 10 मिनिटं वाफ मोकळी सोडतात, कारण आत हवा अडकली तर काटा दाब दाखवतो पण तेवढं तापमान गाठलं जात नाही. भोपळ्याचा गर तर कॅनरमध्येही घालू नये. तो इतका घट्ट की मध्यभाग किती तापला याची खात्री देता येत नाही. भोपळ्याच्या फोडी चालतात.

टोमॅटो नेमका सीमेवर उभा असतो. तो आंबट लागतो, पण काही फळांचा सामू 4.6च्या वर जातो. म्हणून सुमारे लिटरभराच्या बरणीत दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस घालतात. बाटलीतला अशासाठी, की त्याचा आंबटपणा ठरलेला असतो, ताज्या लिंबाचा फळागणिक बदलतो. उंचीचंही भान हवं. दर 300 मीटरला पाणी सुमारे एक अंश आधी उकळतं. महाबळेश्वर 1,350 मीटरच्या आसपास, म्हणजे तिथलं उकळतं पाणी 96 अंशांनाही पोहोचत नाही. तिथे स्ट्रॉबेरीचा जॅम बरणीबंद करणाऱ्याने वेळ वाढवायलाच हवी. आणि हिवाळ्यात स्वस्त होणारा मटार? तो वाफवून फ्रीझरमध्ये ठेवणं हाच घरगुती मार्ग उत्तम.

बरण्या भरून झाल्या की काम संपलं असं वाटतं. थंडी सुरू होताना खरं तर दुसरं काम सुरू होतं: साठा सांभाळणं. प्रत्येक बरणीवर पदार्थाचं नाव आणि तारीख लिहावी. कडं काढून ठेवावं, म्हणजे झाकण सैल झालं तर लपत नाही. जागा अंधारी, कोरडी, 10 ते 21 अंशांची असावी. थंड देशात गॅरेजमध्ये बरण्या ठेवल्या तर आतलं अन्न गोठून फुगतं आणि झाकण सुटतं. जुनी बरणी पुढे, नवी मागे, आणि वर्षाच्या आत सगळं खाऊन संपवायचं. झाकण फुगलेलं, कडेने पाझरलेलं, उघडताना फसफसलेलं दिसलं, तर चाखून पाहायचं नाही, बरणी तशीच टाकायची. बरणीबाहेर साठवलेले बटाटे अंधारात ठेवावेत आणि सफरचंदांपासून दूर, कारण सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूचा परिणाम शेजारच्या भाज्यांवर होतो.

किती साठवायचं याचाही हिशेब असतो. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे सुमारे 20 आठवडे. घरात आठवड्याला टोमॅटोची एक बरणी लागत असेल, तर 20 पुरतात. 50 भरल्या, तर 30 बरण्यांचं इंधन, फळ आणि श्रम पुढच्या उन्हाळ्यात फेकण्यासाठी खर्च झाले. घरात जे खाल्लं जातं तेच साठवावं, हा नियम आपल्या आज्यांनी लोणच्याच्या बाबतीत नेहमीच पाळला.

शेवटी एक मागणी. भाव पडला की नारायणगावच्या परिसरात टोमॅटो रस्त्यावर ओतल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्याच जिल्ह्यात बचत गटांच्या बाया लोणची, सॉस, मुरांबे करून विकतात. म्हैसूरला अन्नतंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था 1950पासून आहे. राहुरी, दापोली, अकोला, परभणी इथे कृषी विद्यापीठं आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत. आपल्या पदार्थांच्या तपासलेल्या कृती, सामू, दाब, मिनिटं आणि उंचीचा तक्ता यांचं साध्या मराठीतलं पुस्तक त्यांनी प्रत्येक गटाच्या हाती द्यावं, आणि ते समजावायला माणूस पाठवावा. 1810मध्ये एका सरकारने एका मिठाईवाल्याला ज्ञान खुलं करायला सांगितलं होतं. आपल्या सरकारला आणि विद्यापीठांना तीच अट घालण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण हे ज्ञान आपल्याच करातून उभं राहिलं आहे. या सभागृहातल्या प्रत्येकाने आपल्या तालुक्यातल्या केंद्राकडे ही मागणी लेखी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.