उपभोगाचा क्रम



नागपूरचा मे महिना. पारा पंचेचाळिसाच्या आसपास. दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात आणि घराघरांतून कूलरची घरघर ऐकू येते. अशा एखाद्या घरात नोकरीला लागलेला मुलगा म्हणतो, "बाबा, यंदा एसी घेऊन टाकू." वडील ताडकन उत्तरतात, "आमचा जन्म वाळ्याच्या ताट्यांवर गेला. आमचे काही अडले नाही." मुलाचे म्हणणे असे, की घामाच्या पैशातून थोडे सुख विकत घेतले तर त्यात पाप कोणते? वडिलांचे म्हणणे असे, की आज एसी, उद्या मोटार आणि परवा कर्ज. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. वाद मात्र दर उन्हाळ्यात तिथेच येऊन थांबतो, कारण मुलगा ज्याला सुख म्हणतो ते आणि वडील ज्याला समाधान म्हणतात ते, या दोन्ही शब्दांचा नीट विचार त्या घरात कधी झालेला नसतो.

या वादात वडिलांच्या बाजूने बहुधा संस्कृतीची साक्ष काढली जाते. हिंदू जीवनदृष्टी त्यागाची आणि पाश्चात्त्यांची भोगाची, अशी सोयीस्कर वाटणी व्यासपीठांवरून वर्षानुवर्षे ऐकू येते. टाळ्या मिळवण्यास ती उत्तम आहे. वस्तुस्थितीला मात्र धरून नाही.

कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ या संदर्भात मुळातून पाहण्यासारखा आहे. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठीच्या खुणांमुळे परिचित आहे. ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येक भागात वीस प्रकरणे, म्हणून त्यांना 'विंशति' म्हणतात. तिसरी विंशति सर्वस्वी उपभोगाची आहे. घर, स्नान, पादुका, तांबूल, विलेपन, वस्त्रे, फुलांच्या माळा, अलंकार, आसन, अन्न, छत्र, शय्या, धूप अशा वीस उपभोगांचे तेथे रसिकतेने वर्णन येते. पायांना तेल चोळून घेणे हा एक स्वतंत्र उपभोग मानला आहे. पिण्याचे पाणी हाही एक उपभोग. कोणत्या ऋतूत कोठले पाणी प्यावे आणि ते सुगंधित कसे करावे, याचा विचार राजाने केला आहे. अन्नाच्या प्रकरणात मांडे आहेत, वडे आहेत, आजच्या इडली-डोशांचे पूर्वज आहेत. छोट्या छोट्या सुखांकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या या राजाला कोणीही भोगवादी ठरवले नाही आणि त्याच्या ग्रंथाला धर्मबाह्यही मानले नाही.

ग्रंथातील क्रम मात्र डोळ्यांआड करण्यासारखा नाही. उपभोगाची विंशति तिसरी आहे. पहिली विंशति राज्य कसे प्राप्त होते याची, आणि ती सुरू होते असत्य टाळण्यापासून. परद्रोह करू नये, मत्सर करू नये, क्रोध आवरावा, स्वतःची स्तुती करू नये. दान द्यावे, गोड बोलावे, अतिथीचे पूजन करावे, दीन, अनाथ, आर्त, बांधव आणि सेवक यांचे पोषण करावे, शरण आलेल्याचे रक्षण करावे. दुसरी विंशति मिळालेले राज्य स्थिर कसे राखावे याची. तीत अमात्य, कोश, सैन्य असे विषय येतात. अशी चाळीस प्रकरणे ओलांडल्यावर राजा पाण्यात सुगंध मिसळतो. सेवकाचे पोट भरण्याचे प्रकरण आधी आणि स्वतःच्या पायांना तेल लावून घेण्याचे नंतर. सोमेश्वराने उपभोग नाकारला नाही, त्याला रांगेत उभे केले.

ही राजेरजवाड्यांची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. सामान्य गृहस्थासाठी हाच विचार विसाव्या शतकात पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मांडला. २२ ते २५ एप्रिल १९६५ या चार दिवसांत मुंबईत त्यांची एकात्म मानववादावरील व्याख्याने झाली. मनुष्य म्हणजे शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा समुच्चय आणि चारही घटकांच्या सुखाचा विचार एकत्र झाला पाहिजे, हे त्यातील मुख्य सूत्र. शरीरसुखाला त्यांनी कमी लेखलेले नाही. अर्थाचा अभाव जसा धर्माला बाधक तसाच अर्थाचा प्रभावही, हे त्यांचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. दारिद्र्याचे उदात्तीकरण करणाऱ्यांना त्यातील पहिला अर्धा भाग अडचणीचा वाटतो, आणि चंगळवादाच्या पुरस्कर्त्यांना दुसरा.

राजाच्या ग्रंथातील हा क्रम मराठी घराने कोणताही ग्रंथ न उघडता पंचांगात बसवला होता. आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. दोन दिवसांनी एकादशीपासून चातुर्मास सुरू व्हायचा आणि कांदा, लसूण, वांगी घरातून हद्दपार व्हायची. म्हणून नवमीला कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, कांद्याची भाजी. वर्ज्य करण्याच्या आधी पोटभर खाऊन घेण्यासाठी चक्क एक तिथी राखून ठेवणाऱ्या समाजाला रूक्ष कोण म्हणेल? पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि अनेक घरांत त्या दिवशी वांगे पुन्हा पानात यायचे. चार-पाच महिन्यांनी खाल्लेल्या त्या भरिताची चव बारमाही वांगी खाणाऱ्याला कळणे कठीण. अनेक कुटुंबांत अक्षय्य तृतीयेला पितरांना आंबा अर्पण केल्यावाचून कोणी आंबा तोंडात घालत नसे. दिवाळीच्या पहाटेचे सुवासिक तेल, उटणे आणि ऊन पाणी हा मानसोल्लासातला स्नानभोगच. पण तो वर्षातून एकदा गरिबाच्या न्हाणीघरातही उतरायचा.

(या व्यवस्थेला पळवाटाही फुटल्या, हे कबूल केले पाहिजे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मराठी माणसाने स्वतःवरच रचली आहे. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगिजांच्या काळानंतर ते येथे रुजले आणि उपवासाचे पदार्थ म्हणून सोवळेही झाले. तुपात परतलेली खिचडी समोर असता संयम नेमका कशाचा, हा प्रश्न घरातील लहान मुलेच विचारतात.)

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची एक आठवण रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात नोंदवली आहे. रमाबाईंनी उत्तम आंबे चिरून फोडी पुढे ठेवल्या. न्यायमूर्तींनी एक-दोन फोडी खाल्ल्या, आंब्याची तारीफ केली आणि हात आवरता घेतला. आवडले तर आणखी का घेत नाही, असे रमाबाईंनी विचारल्यावर त्यांनी विद्यार्थिदशेतील एक हकीकत सांगितली. तेव्हा चाळीत त्यांच्या शेजारी एक बाई राहत. पूर्वी संपन्नता पाहिलेल्या, आता हलाखीत दिवस काढणाऱ्या. पानात भाजी नसली की जिभेला लागलेल्या जुन्या सवयी त्यांना छळत आणि त्या आपल्याच जिभेला दोष देत. जिभेचे लाड एका मर्यादेत ठेवण्याचा धडा रानड्यांनी तेथे घेतला. या आठवणीत आंबा टाकलेला नाही. तो खाल्ला आहे, त्याची वाखाणणी केली आहे. गोडी शाबूत असताना हात थांबला, इतकेच.

आजच्या बाजारपेठेला नेमका हा थांबलेला हात मान्य नाही. पूर्वी गरज असे आणि तिच्यासाठी वस्तू निर्माण होई. आधुनिक अर्थव्यवस्था आधी वस्तू निर्माण करते आणि मग तिच्यासाठी इच्छा निर्माण करते, हे दीनदयाळजींनी १९६५ मध्येच ओळखले होते. १९९१ नंतरच्या उदारीकरणात त्याचा प्रत्यय घरोघरी आला. त्या उदारीकरणाने चांगलेही पुष्कळ केले. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्या पिढीला ते सांगण्याची गरज नाही. पण इच्छेला विलंबच उरला नाही, ही त्याची दुसरी बाजू. पूर्वी दिवाळीला मिळणारा फराळ आता बाराही महिने दुकानात पाकिटबंद मिळतो आणि म्हणूनच दिवाळीतला लाडू मुले अर्धा टाकून उठतात. हप्त्यावर घेतलेली वस्तू तर आणखी चमत्कारिक. तिचे अप्रूप दोन महिन्यांत ओसरते, हप्ता मात्र दोन वर्षे चालतो. उपभोग संपून जातो आणि त्याची किंमत मागे राहते, असा व्यवहार सोमेश्वरासारख्या शौकीन राजालाही सुचला नसता.

येथवर वडिलांची बाजू बळकट झाल्यासारखी वाटेल. तिच्यातही मोठे भगदाड आहे.

योगसूत्रांनी संतोषाला पाच नियमांमध्ये स्थान दिले, ते मनाची अवस्था म्हणून. मराठी मध्यमवर्गाच्या कपाटात मात्र बऱ्याचदा संतोषाच्या नावाखाली भीती जपून ठेवलेली आढळते. चिनी मातीचे कप पाहुण्यांसाठी. घरच्यांना कान तुटलेले. पैठणी ठेवणीतली, ती वर्षानुवर्षे घडीवरच विरते आणि उलगडायला जावे तर घडीवर फाटते. नवी चादर कोणाच्या तरी लग्नासाठी. ज्या पिढीने रेशनच्या रांगा आणि दुष्काळाची वर्षे पाहिली तिने असे वागावे, यात नवल नाही. तिच्याविषयी आदरच वाटावा. परंतु वस्तू वापरली नाही म्हणजे तिच्यावरची आसक्ती सुटली, असे होत नाही. कुलूपबंद कपाटातील कपबशीचा टवका उडाला म्हणून सुनेशी आठ दिवस अबोला धरणाऱ्या घराला अपरिग्रही म्हणता येणार नाही.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. त्याग स्वतःचा असतो. दुसऱ्यावर लादला की त्याला वंचना म्हणतात. साधेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या कित्येक घरांत त्या साधेपणाची किंमत घरातील स्त्रीने चुकवलेली असते. यजमान साध्या राहणीचे, म्हणून मिक्सर उशिरा आला, धुण्याचे यंत्र आलेच नाही आणि पाट्यावर वाटण करता करता एका पिढीच्या बायकांचे खांदे गेले. साधी राहणी यजमानांच्या नावावर जमा झाली. गरिबांच्या बाबतीतही हेच घडते. २० सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी परखडपणे बजावले होते, की भारताची तातडीची गरज धर्म नसून अन्न आहे आणि उपाशी माणसाला तत्त्वज्ञान शिकवणे हा त्याचा अपमान आहे. भरल्या पोटी दुसऱ्याला संतोष शिकवणाऱ्यांनी हे भाषण स्मरणात ठेवावे.

तमिळनाडूतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शांपूसारख्या वस्तू छोट्या पुडीत विकण्याची कल्पना पुढे आणली. एका रुपयाची पुडी पुढे खेड्यापाड्यांतल्या टपरीवर लोंबू लागली आणि विचारवंतांनी तिच्यात चंगळवाद खेड्यात शिरल्याची खूण पाहिली. त्या पुड्यांच्या प्लॅस्टिकने नाल्या तुंबल्या, ही तक्रार रास्त आहे. पण ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील एखादी मुलगी दिवाळीच्या सकाळी त्या पुडीने केस धूत असेल, तर ते तिचे अभ्यंगस्नान आहे. तिला चंगळवादी म्हणण्यापूर्वी म्हणणाऱ्याने आपल्या न्हाणीघरातील बाटल्या मोजाव्यात.

संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनाचा विषय घरोघरी नेला जात आहे. त्यात कुटुंब प्रबोधन आहे, पर्यावरण आहे आणि 'स्व'च्या आधारावरील जीवनशैलीही आहे. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून भोजन करावे, बोलावे, असे कुटुंबांना सुचवले जाते. नागपूरच्या त्या घराने असे एकदा बसावे आणि एसीचा विषय तेथे निघावा. माठात वाळ्याची जुडी सोडली की पाण्याला येणारा गंध हा राजाचा पानीयभोग आहे आणि तो जवळजवळ फुकट आहे, हे वडील सांगू शकतील. वृद्ध आजीला रात्रभर झोप लागत नाही, तिच्या खोलीपुरते यंत्र घेणे ही चैन नाही, असे मुलगा सांगू शकेल. विजेचे बिल कोण भरणार आणि हप्ता किती वर्षे चालणार, हेही उघडपणे बोलले जाईल.

दरम्यान या वादात आजवर कोणी न विचारलेली एक खोली त्या घरात आहे. मे महिन्यात दुपारी बारा वाजता स्वयंपाकघरात शेगडीच्या दोन ज्योती पेटलेल्या असतात. कूलरचा झोत तिथवर पोहोचत नाही. पंखा लावावा तर ज्योत फडफडते, म्हणून तो बंद. बैठकीत बाप-लेक एसी हवा की नको यावर हमरीतुमरीवर आलेले असताना आई तेथे पोळ्या लाटत असते. गरम हवा बाहेर फेकणारा एक छोटा पंखा त्या खिडकीत बसवायला चार माणसांच्या हॉटेलातील एका जेवणापेक्षा फारसा जास्त खर्च येत नाही. कित्येक घरांत तो अजूनही बसलेला नाही.