शोधाला हक्काची जोड द्या



विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पदवीबद्दल तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. सोलापुरातल्या मागांच्या खडखडाटात आणि विड्या वळता वळता ज्या आई-वडिलांनी तुम्हाला शिकवले, त्यांना माझा नमस्कार.

शोध लावणे पुरत नाही, तो बाजारात टिकवावाही लागतो. त्याचे पहिले उदाहरण म्हणून एका मराठी संशोधकाची आठवण करून देतो. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. त्यांना प्रथम नाव मिळाले ते दृष्टिभ्रमाच्या प्रयोगांनी. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत एक वस्तू दुसरीच होताना दिसे. या करमणुकीमागे प्रकाशाचा कसून अभ्यास होता. पुढे त्यांनी छपाईचे १,२०० खिळे मिनिटाला ओतणारे यंत्र रचले. दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिले, सर रतन टाटांनी भांडवल दिले. तरीही त्या यंत्राच्या धंद्याचा जम बसला नाही. भिसे अमेरिकेत गेले, तिथे औषधात यश मिळवले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये निवर्तले. पेटंटे होती, पण त्यांना पेलणारा उद्योग वेळेवर उभा राहिला नाही.

दुसरे उदाहरण खेळाच्या साहित्याचे. हॉवर्ड हेड हे अमेरिकेतले विमान अभियंते. बर्फावर घसरण्याच्या जड लाकडी स्कीऐवजी त्यांनी विमानबांधणीतले तंत्र वापरून ॲल्युमिनियमची स्की केली. सुरुवातीच्या जोड्या मोडल्या. त्यांनी प्रत्येक मोडतोड तपासून रचना बदलली आणि कंपनी उभारली. १९६९ साली ती विकल्यावर ते टेनिसकडे वळले. चेंडू कडेला लागला की रॅकेट हातात फिरते, हे त्यांनी हेरले. रॅकेटचे तोंड रुंद केले तर वस्तुमान मध्यरेषेपासून दूर जाते आणि रॅकेट कमी फिरते. १९७६ साली मिळालेल्या पेटंटात त्यांनी एकाच मापाची रॅकेट नोंदवली नाही. तोंडाच्या क्षेत्रफळाची एक व्याप्ती नोंदवली. त्यामुळे माप किंचित बदलून नक्कल करण्याची वाट बंद झाली.

हक्काचा दावा कसा लिहावा, हे इथे शिकण्यासारखे आहे. केलेल्या नमुन्याचे वर्णन पुरत नाही. तो ज्या तत्त्वावर चालतो त्याच्या कक्षा आखाव्या लागतात.

मित्रहो, आता आपल्या शहराकडे पाहा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. धाग्याची, विणीची, घामाची आणि घर्षणाची जाण या शहरात पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. तीच जाण कबड्डीच्या मॅटला, खो-खोच्या बुटाला, मल्लखांबाखालच्या गादीला का लावू नये? आपल्या खेळांची साधने आपल्या मुलांच्या शरीराला जपणारी हवीत, आणि ती घडवणे हे तुमच्या पदवीला शोभणारे काम आहे.

त्यासाठी तीन गोष्टी सांगतो. नमुना प्रदर्शनात मांडण्याआधी पेटंटचा अर्ज करा. आधी जाहीर झालेल्या गोष्टीचे नावीन्य सहसा उरत नाही. पूर्ण तपशील तयार नसेल तर प्रोव्हिजनल अर्ज करता येतो. मग पूर्ण विवरणासाठी १२ महिने मिळतात. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते, म्हणून पहिल्याच वर्षापासून ते बाजारात उतरवणारा जोडीदार शोधा. आणि खेळाडूच्या हाती नमुना देऊन त्याची तक्रार लिहून घ्या. पुढची सुधारणा तिथेच सापडेल.

भिसे यांची कल्पकता आणि हेड यांची चिकाटी तुमच्या ठायी एकत्र येवो. तुमच्या नावाची पेटंटे निघोत आणि त्यांवर चालणारे कारखाने याच सोलापुरात उभे राहोत. जय हिंद, जय महाराष्ट्र.