त्रिभंग : आई, लेक आणि वारसा

फर्दापूर हें अजिंठ्याच्या पायथ्याचें, सोयगांव तालुक्यांतील लहानसें गांव. लेणीं पाहावयास निघालेला प्रवासी येथून वाघूर नदीच्या वळणाकडे वळतो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यांत, गाभाऱ्याच्या डाव्या अंगास, पद्मपाणि बोधिसत्त्वाचें सुप्रसिद्ध भित्तिचित्र आहे. त्याची मान एका बाजूस कललेली, धड दुसऱ्या बाजूस झुकलेलें आणि कंबर पुन्हा उलट दिशेस गेलेली. शिल्पशास्त्रांत व नृत्यशास्त्रांत ह्या ठेवणीस त्रिभंग म्हणतात. तीन ठिकाणीं वांकलेली ही आकृति ढळल्यासारखी वाटत नाहीं, कारण एका वांकणाचा तोल दुसरें वांकण सांवरतें.

हाच शब्द एका चित्रपटाचें शीर्षक झाला आहे. रेणुका शहाणे यांनीं लिहिलेला व दिग्दर्शित केलेला 'त्रिभंग' १५ जानेवारी २०२१ रोजीं नेटफ्लिक्सवर प्रसिद्ध झाला. भाषा मुख्यतः हिंदी. पण घर मराठी, संस्कार मराठी, आणि नायिकेची आई तर मराठी लेखिका. नयनतारा आपटे ही ती लेखिका, तिची मुलगी अनुराधा ओडिसी नर्तकी व सिनेनटी, आणि अनुराधेची मुलगी माशा. तन्वी आझमी, काजोल व मिथिला पालकर यांनीं ह्या तीन भूमिका केल्या आहेत.

कथेच्या आरंभींच आई बेशुद्ध होऊन रुग्णालयांत पडते. अनेक वर्षें जिच्याशीं धड बोलणें नाहीं, तिच्या उशाशीं लेकीला बसावें लागतें. भांडावयाचें तर उत्तर देणारें माणूस मुकें झालेलें! ह्या कोंडींतून चित्रपटांतील हास्य व करुणा दोन्हीं उगम पावतात. नयनचें चरित्र लिहावयास घेतलेला मिलन नांवाचा गृहस्थ तेथें येतो. त्याची हिंदी अति शुद्ध, तर अनुराधेची वाणी शिव्यांनीं भरलेली. त्या दोघांचे संवाद ऐकतांना प्रेक्षक खळखळून हंसतो. आणि त्याच गृहस्थाजवळच्या ध्वनिचित्रफितींतून आईची बाजू हळूहळू उलगडूं लागते.

ती बाजू कोणती? लेखनाचा ध्यास घेतलेल्या नयनला सासरीं सुख मिळालें नाहीं. दोन मुलें घेऊन ती बाहेर पडली. समाजाच्या दृष्टीनें हें धाडस होतें. मुलांच्या दृष्टीनें मात्र तें घराचें मोडणें होतें. पुढें आईच्या जीवनांत आलेल्या पुरुषाकडून अनुराधेवर अत्याचार झाला, आणि माणसांच्या मनाचे तळ धुंडाळणाऱ्या त्या लेखिकेला आपल्या पोटच्या मुलीचें दुःख दिसलें नाहीं. लेकीचा राग येथून सुरू होतो. तो राग खोटा आहे, असें चित्रपट एकदांहि सुचवीत नाहीं. आईच्या प्रतिभेचें कौतुक सांगून मुलीला गप्प बसविण्याचा सोपा मार्ग त्यानें टाळला आहे, हें त्याचें मोठें श्रेय होय.

परंतु कथेचा खरा पेंच पुढेंच आहे. आपण आईसारखें व्हावयाचें नाहीं, असा अनुराधेचा निश्चय. तिनें विवाहच नाकारला व आपल्या मतें मुलीला स्वातंत्र्यांत वाढविलें. त्या स्वातंत्र्याचें मोल माशानें शाळेंत लोकांचें बोलणें ऐकून चुकविलें होतें. म्हणूनच तिनें पुढें रूढ चालीरीतींचें, भरलें घर पत्करलें. फिर्यादीच्या जागीं उभी असलेली अनुराधा अशा रीतीनें आरोपीच्या जागीं येते, आणि तेथून तिला आपली आई प्रथमच पुरती दिसते. आई अभंग, लेक समभंग आणि आपण त्रिभंग, अशी ती तिघींची नृत्याच्या भाषेंत वांटणी करते. मराठी कानांना 'अभंग' म्हटलें कीं तुकोबांची आठवण होणार. नृत्यांत मात्र त्याचा अर्थ किंचितसें वांकण. प्रत्येकीची ठेवण निराळी, हाच त्या वांटणींतला भावार्थ.

कथा कल्पित आहे. तथापि ती सांगणाऱ्यांचीं नांवें पाहिलीं म्हणजे एक योग ध्यानांत येतो. रेणुका शहाणे ह्या 'रीटा वेलिणकर' ह्या कादंबरीच्या लेखिका शांता गोखले यांच्या कन्या. त्याच कादंबरीवरून त्यांनीं २००९ सालीं 'रीटा' हा मराठी चित्रपट केला होता. तन्वी आझमी ह्या 'शिकलेली बायको'च्या नायिका उषा किरण यांच्या कन्या. काजोल ह्या तनुजांच्या कन्या, आणि १९४३ च्या 'रामराज्य'मधील सीता शोभना समर्थ यांची नात. नांवलौकिक मिळविलेल्या आईच्या घरीं वाढणें म्हणजे काय, हें ह्या तिघींना कोणी शिकवावयास नको होतें.

चित्रपटाचा शेवट येथें सांगणें उचित नव्हे. एवढेंच म्हणतां येईल कीं, त्यांत क्षमा ही विसरण्याची दुसरी संज्ञा ठरत नाहीं. घडलेलें घडलेलेंच राहतें. बदलतो तो त्याकडे पाहण्याचा कोन.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत आणखी एक चित्र आहे. भिक्षापात्र घेतलेल्या उत्तुंग बुद्धापुढें एक स्त्री व तिचें मूल उभें आहे. तीं यशोधरा व राहुल होत, असें मानतात. घर सोडून गेलेल्या पित्याकडे वारसा माग, असें सांगून मातेनें राहुलाला धाडलें, अशी कथा आहे. सोडून जाणारा मोठा असला, तरी मागें राहिलेल्या मुलाचें मागणें लहान होत नाहीं. अनुराधाहि आईकडे आपला वारसाच मागत होती. तो हातीं आला तेव्हां त्यांत कलेबरोबर चुकाहि होत्या. दोन्ही एकदम स्वीकारल्यावांचून लेकीला आईचें घर पुन्हा उघडत नाहीं.