स्वस्त घड्याळांचा छंद

श्रोतेहो, छंदाची गोष्ट निघाली म्हणजे तिकिटे, नाणी, आगपेट्यांची चित्रे यांची नावे कोणीही सहज घेतो. परंतु जुनी, स्वस्त आणि बहुधा बंद पडलेली मनगटी घड्याळे जमविणारा मनुष्य भेटला, तर लोक त्याच्याकडे कौतुकापेक्षा कीव येऊनच अधिक पाहतात. असा एक मनुष्य मी स्वतः आहे. ‘मास्तर, वेळ पाहायला एक घड्याळ पुरे, मग चाळीस कशाला?’ हा प्रश्न यवतमाळच्या बाजारात मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे, या हेतूने आजचा विषय मी घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्वस्त घड्याळ म्हणजे वाईट घड्याळ नव्हे. गरिबाच्या खिशाला परवडेल आणि तरीही वेळ नीट दाखवील असे यंत्र करणे, हे श्रीमंतासाठी सोन्याचे घड्याळ घडविण्याहून कठीण काम आहे. स्वित्झर्लंडमधील जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कोफ नावाच्या कारागिराने हे काम अंगावर घेतले. कामकऱ्याला घेता यावे म्हणून त्याने २० फ्रँकचे खिशातले घड्याळ तयार केले, अनावश्यक भाग काढून टाकून त्याचे एकंदर भाग ५७ वर आणले, आणि १८६७ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याबद्दल पदक मिळविले. पुढे अमेरिकेत इंगरसोल यांनी १८९६ साली एका डॉलरचे घड्याळ विकावयास काढले. घड्याळ ही सरदारांची मिरासदारी राहिली नाही, ती अशा माणसांमुळे.

आपल्या देशात हे कार्य हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे सर्वांच्या परिचयाची एच. एम. टी., या सरकारी कारखान्याने केले. संस्थेची स्थापना १९५३ साली झाली होती. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने तिने १९६१ साली बंगळूर येथे मनगटी घड्याळे करण्यास आरंभ केला. नंतर श्रीनगर, तुमकूर आणि नैनीताल जिल्ह्यातील राणीबाग येथेही कारखाने निघाले. तिच्या घड्याळांची नावेच पाहा : जनता, जवान, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन. अंधांना बोटांनी चाचपून वेळ कळावी असेही घड्याळ तिने केले. यांपैकी ‘जनता’ हे माझ्या मते सर्वांचे मुकुटमणी. त्याला रोज एकदा किल्ली द्यावी लागते. आत सतरा खडे असतात. हे खडे म्हणजे कृत्रिम माणके होत. चाकांच्या बारीक आसांची टोके त्यांच्यात फिरतात, त्यामुळे घर्षण थोडे होते आणि झीज कमी होते. त्याचे तोलचक्र तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा हेलकावते. कानाशी धरले असता जी टिकटिक ऐकू येते, ती याच हेलकाव्यांची.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. हा कापसाचा मुलूख. येथे पुष्कळ काळपर्यंत वेळ ही सार्वजनिक गोष्ट होती. जिनिंगचा भोंगा झाला की कामगार निघे, शाळेची घंटा झाली की मुले धावत. घरात घड्याळ असे ते क्वचितच. मनगटावर घड्याळ आले ते बहुधा लग्नात, सायकल आणि रेडिओ यांच्या सोबतीने, सासऱ्याकडून जावयास मिळालेले. जे घड्याळ कारखानदाराच्या दृष्टीने स्वस्त, ते मुलीच्या बापाला मात्र स्वस्त पडत नसे. त्यामुळे ते कपाटात राहिले नाही आणि टाकूनही दिले गेले नाही. ते शेतात गेले, बैलगाडीवर बसले, घामाने भिजले आणि संध्याकाळी आकाशवाणीच्या वेळेच्या ठोक्यांबरोबर जुळविले गेले. श्रीमंताचे घड्याळ डबीत राहते, म्हणून एकासारखे दुसरे दिसते. गरिबाचे घड्याळ कामास जाते, म्हणून कोणतीही दोन सारखी राहत नाहीत. माझ्या छंदाचे मूळ मला येथे सापडते.

याशिवाय आणखीही आकर्षणे आहेत. यंत्र एकच, पण तबकड्या किती तऱ्हांच्या! काळ्या, पांढऱ्या, रोमन आकड्यांच्या, आणि आपल्या देवनागरी आकड्यांच्याही. पुन्हा हे यंत्र उघडता येते, धुता येते, तेल देऊन फिरते करता येते. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सीको कंपनीने स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. ते प्रारंभी फार महाग होते, परंतु ती विद्या पुढे इतकी स्वस्त झाली की, किल्लीच्या घड्याळांचा टिकाव लागेना. अचूकतेत ‘जनता’ त्यांच्यापुढे हरते, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. अखेर २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एच. एम. टी.चा घड्याळ विभाग बंद करण्यास मंजुरी दिली. आणि गंमत अशी की, ज्यांनी ही घड्याळे खणात टाकून दिली होती, तेच ती आता शोधू लागले.

येथेच एक धोका उत्पन्न झाला. तो मी ऐकून नव्हे, तर स्वतःच्या हाताने अनुभवला आहे.

माझे वडील एका जिनिंगमध्ये कापूस तोलण्याच्या कामावर होते. १९७४ साली त्यांनी ‘जनता’ घेतले. तबकडीच्या कडेला घामाने पिवळी कडा धरली होती. तराजूच्या लोखंडाने काचेवर एक आडवी रेघ उमटली होती. मागच्या झाकणावर त्यांनी दाभणाने आपल्या नावाची दोन अक्षरे वेडीवाकडी कोरली होती. त्यांच्या पश्चात ते मजकडे आले. छंदाचा नवा उत्साह होता. मी ते एका मोठ्या शहरातील दुकानदाराकडे ‘नवे करून द्या’ म्हणून पाठविले. महिन्याभराने घड्याळ परत आले, ते खरोखरच नवे होऊन. तबकडी निळीशार रंगविलेली, काच कोरी, झाकण घासून आरशासारखे चकचकीत. मी खूष झालो. दिवाळीला माझी थोरली बहीण आली. मी मोठ्या हौसेने घड्याळ तिच्या हाती दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले, झाकणावरून बोट फिरविले आणि विचारले, ‘हे कोणाचं रे?’

श्रोतेहो, त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. दुकानदाराचा दोष नव्हता. मी सांगितले तेच त्याने केले. जे जपण्यासाठी घड्याळे जमवायची, तेच मी पैसे देऊन पुसून घेतले होते.

म्हणून या छंदात नव्याने पडणाऱ्यांस माझे चार शब्द सांगणे आहे. बाजारात जुन्या यंत्रावर तबकडी रंगवून, तीन घड्याळांचे भाग एकत्र करून तयार केलेला माल पुष्कळ येतो. अक्षरे जाड-बारीक दिसली, काटे आकड्यांपर्यंत पोहोचत नसले, स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असल्या, तर सावध व्हावे. घड्याळ धुऊन-तेल देऊन चालते करावे, परंतु त्याच्या खुणा राहू द्याव्यात. किल्ली देताना घड्याळ मनगटावरून काढावे आणि हाताला विरोध जाणवला की थांबावे. कोणाकडून घड्याळ घ्याल तर ते कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या प्रसंगाचे, हे विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवावे. आणि गावात एखादा म्हातारा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून अजून बसत असेल, तर त्याच्याकडे काम न्यावे आणि आपल्या घरचा एखादा तरुणही त्याच्या शेजारी बसवावा. ते हात गेले, तर आमचे संग्रह बंद घड्याळांचे ढीग होतील.

माझ्याजवळच्या चाळीस घड्याळांपैकी एकोणचाळीसांबरोबर आज अशी चिठ्ठी आहे. चाळिसावे ते निळे. त्याच्या चिठ्ठीवर मी वडिलांचे नाव लिहिले आहे आणि खाली, झाकणावरची ती दोन अक्षरे मला आठवतात तशी काढून ठेवली आहेत. त्याला मी रोज सकाळी किल्ली देतो. ते चालते.