उंदरांचा बंदोबस्त : घरच्यांनी आधी काय करावे



उंदराचा विषय निघाला की आपण हसतो. गणपतीचे वाहन म्हणून त्याला हातही जोडतो. पण कणगीच्या बुडाला भोक पडून वर्षाचे इंद्रायणी भात जमिनीवर सांडलेले दिसले, म्हणजे ते हसू कुठल्या कुठे जाते. मग कोणी बाजारातून विषाची पुडी आणतो, कोणी लोणावळ्याहून किंवा तळेगावाहून औषध टाकणाऱ्या माणसाला बोलावतो. तो माणूस आपले काम जाणतो हे खरे. पण त्याच्या कामाचा निम्मा भाग तो उंबऱ्यात येण्याआधी घरच्यांनी करायचा असतो. तो कसा करावा, एवढेच आज आपल्याला सांगायचे आहे.

घरात परका माणूस येऊन कोनाकोपरा उपसणार, हे कुणालाच आवडत नाही. त्यामागे जुनी आठवणही आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघड झाला आणि थोड्याच महिन्यांत तो पुण्यात शिरला. १८९७ साली रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोल्जर घराघरांत घुसले, सामान बाहेर फेकले गेले. त्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. गंमत पहा, एवढी झडती चालली होती, पण उंदराचा रोग माणसाला कसा जडतो हे त्या वेळी डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हते. आपल्या खेड्यांतली माणसे मात्र घरात उंदीर पडला की रानात झोपड्या घालून राहायला जात. १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की, मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू भुकेने माणसाला चावते आणि रोग देते. म्हणजे खेड्यातला तो रिवाज अगदी शहाणपणाचा होता. तेव्हा झडती लादलेली होती. आज माणूस आपण बोलावतो. म्हणून तयारीही आपणच करायला हवी.

आता उंदराच्या स्वभावाविषयी दोन शब्द. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्यामुळे तो सतत कुरतडतो. गाभण मादी तीन आठवड्यांत विते. लहान उंदीर करंगळीएवढ्या भोकातूनही आत येतो. शिवाय तो मोठा संशयी. नवी वस्तू दिसली की दोन दिवस तिच्याकडे फिरकत नाही, आणि एखादे खाणे बाधले, पण जीव वाचला, तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा : जाणता माणूस यायचा असेल तर आधी घरचे विष टाकू नका. अर्धवट विषाने वाचलेला उंदीर शहाणा होतो आणि पुढचे आमिष फुकट जाते.

वेळ कोणती निवडावी? आपल्या मावळात उंदीर वर्षातून दोनदा घराकडे धावतात. एकदा मृगाचा पाऊस लागून बांधावरच्या बिळांत पाणी शिरते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुमारास भात कापून खाचरे मोकळी होतात तेव्हा. या दोन्हींच्या आधी पंधरा दिवस काम करून घ्यावे. लोणावळा-खंडाळ्याकडच्या, आठवडाभर बंद राहणाऱ्या बंगल्यांतही हेच. बंगला राखणाऱ्या माणसाने पाहुणे गेल्यावर उष्टे-खरकटे कुंपणापाशी साठू देऊ नये. चिक्कीवाल्यांनी शेंगदाण्याची पोती आणि गुळाच्या ढेपा फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्यात.

आता प्रत्यक्ष तयारी. आदल्या दोन दिवसांत चार कामे करावी.

पहिले : खाणे आवरावे. पीठ, तांदूळ, डाळ, पापड, सारे पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत जावे. गोठ्यातली पेंड, कोंबड्यांचा दाणा, देवापुढचा नैवेद्य हेसुद्धा उंदराला अन्नच आहे. माठ-हंडे झाकावे, गळता नळ बांधावा. घरात मेजवानी मांडलेली असताना उंदीर विषाच्या वड्या कशाला खाईल?

दुसरे : भिंती मोकळ्या कराव्या. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो. म्हणून पेट्या, पोती, सरपण, अंथरुणांच्या वळकट्या हातभर पुढे ओढाव्या. माळ्यावरची अडगळ उतरवावी. कौलारू घरात काळा उंदीर आढ्याला आणि वळचणीला राहतो. घूस राहते खाली, मोरीपाशी आणि उकिरड्यापाशी. दोघांचे रस्ते वेगळे, उपायही वेगळे.

तिसरे : खुणा पुसू नका. पाहुणा येणार म्हणून घर लख्ख झाडण्याची आपली सवय असते. इथे ती आड येते. लेंड्या, कुरतडलेली जागा, भिंतीवरचा तेलकट पट्टा हे सगळे त्या माणसाला आधी दाखवावे. मग जंतुनाशकाचे पाणी शिंपडून, नाकाला फडके बांधून, ओल्या फडक्याने पुसावे. कोरडे झाडल्याने घाण धुळीबरोबर नाकात जाते.

चौथे : बिळे एकदम लिंपू नका. संध्याकाळी सर्व बिळांची तोंडे मातीने हलकी बुजवावी. सकाळी जी उकरलेली दिसतील ती राबती बिळे, ती दाखवावी. सिमेंट आणि काचांचा चुरा घालून कायमचे बुजवणे हे उंदीर संपल्यावर. आधी बुजवले तर उंदीर भिंतीतच मरतो आणि दुर्गंधीने घरात बसवत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपण घरात विष आणतो आहोत, आणि त्याच घरात मूल रांगते आहे. येणाऱ्या माणसाजवळ परवाना आहे का, ते विचारा. विषाचे नाव कागदावर लिहून घ्या. ब्रोमॅडिओलोनने रक्त गोठेनासे होते; उंदीर काही दिवसांनी मरतो; माणसाच्या पोटात गेले तर डॉक्टरांकडे के जीवनसत्त्वाचा उतारा असतो. झिंक फॉस्फाइडला मात्र असा नेमका उतारा नाही. धान्यातल्या किडीसाठीच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात कदापि नकोत. त्यांचा वायू झोपेतच घात करतो. आमिष कुलूपबंद पेटीतच ठेवायला सांगा, पेट्या मोजून घ्या, कुत्री-मांजरे-कोंबड्या लांब ठेवा. शंका आली तर दूध, तूप, मिठाचे पाणी पाजत बसू नका. वेष्टन हाती घेऊन १०८ क्रमांकाची गाडी बोलवा.

काम झाल्यावर रोज सकाळी घर पाहावे. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. हातात पिशवी चढवून उचलावा, विहिरीपासून दूर खोल पुरावा आणि साबणाने हात धुवावेत. पावसाळ्यात उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या तापाने माणसे दगावली. खाचरात लावणी करणाऱ्याच्या पायाला जखम असेल तर ती झाकावी, आणि अंग मोडून ताप आला तर अंगावर न काढता आरोग्य केंद्र गाठावे.

शिक्षकमित्रहो, आपल्याकडे एक खास मागणे आहे. शाळेतल्या पोषण आहाराच्या तांदळाची पोती फळीवर आहेत का, ते पाहा. आणि मुलांकडून गल्लीतल्या बिळांची मोजणी करून घ्या. दुरून, हात न लावता. कारण एका घराने औषध टाकले, तर उंदीर शेजारच्या भिंतीआड जातो आणि महिन्याने परत येतो. आपल्या घरात उंदीर झाले, हे सांगायला बाईमाणसाला लाज वाटते. ती लाज मुलांच्या वहीतल्या आकड्यांनी जाईल, कारण उंदीर सगळ्यांच्याच घरी निघतील. मग आळीतल्या सर्वांनी एकाच दिवशी काम करून घ्यावे. खर्च वाटला जातो आणि गुणही लवकर येतो.

दाणा झाकलेला, भिंत मोकळी, पेटीला कुलूप आणि शेजारी सोबत, एवढे जमले तरी येत्या पावसाळ्यात तुमच्या कणगीतले भात तुमच्याच ताटात येईल.