अंगावरचे पुरळ आणि मनातली भीती

(समितीच्या आमगाव येथील प्रबोधन कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारा कला शाखेचा पदवीधर आहे. तरीही आज एचआयव्हीच्या औषधांमुळे अंगावर उठणाऱ्या पुरळाविषयी बोलणार आहे, कारण या विषयात औषधाइतकाच समाजाच्या वागणुकीचाही संबंध आहे.

अंगावर पुरळ दिसले की आपल्याकडे कोणी उष्णता म्हणते, कोणी पित्त उठले म्हणते, तर कोणी माता आली म्हणून कडुलिंबाचा पाला शोधते. परंतु एचआयव्हीचे औषध घेणाऱ्याच्या मनात वेगळीच धास्ती असते. घरात झाकून ठेवलेली गोष्ट आता चेहऱ्यावर दिसणार! मग तो गुपचूप गोळ्या बंद करतो, नाहीतर अंग झाकून दुखणे सोसत राहतो. या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात.

आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे पहिल्या केंद्रांपैकी एक होते. त्या काळी दिल्या जाणाऱ्या तीन औषधांत नेविरापिन हे एक असे. त्याने शंभरापैकी साधारण पंधरा-वीस जणांना पुरळ येई, तेही बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत. म्हणूनच पहिले चौदा दिवस दिवसाला एकच गोळी आणि नंतर दोन, असा नियम होता. या काळात पुरळ आले तर डॉक्टर मात्रा वाढवीत नसत. २०२० नंतर मोठ्या माणसांना प्रामुख्याने डोल्युटेग्राविर असलेली गोळी दिली जाते. तिने पुरळ येण्याचे प्रमाण पुष्कळच कमी आहे, पण ते अजिबात येत नाही असे नाही. शिवाय सोबत दिलेल्या सल्फाच्या किंवा क्षयरोगाच्या गोळ्यांनीही पुरळ येऊ शकते. दोष कोणत्या गोळीचा, हे डॉक्टरच ठरवू शकतात.

साधे, खाजणारे पुरळ असेल तर मनाने औषध बंद करू नये. लगेच एआरटी केंद्रात जाऊन दाखवावे. मध्येच गोळ्या सोडल्या तर विषाणू पुन्हा वाढतो आणि तीच औषधे पुढे निकामी ठरू शकतात. परंतु पुरळासोबत ताप आला, अंगावर फोड आले, तोंडात जखमा झाल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले, चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर पुढची गोळी घेण्यापूर्वीच तातडीने रुग्णालय गाठावे. असा त्रास ज्या औषधाने झाला त्याचे नाव लिहून जपून ठेवावे. ते पुन्हा घ्यायचे नसते.

बंधूभगिनींनो, विनयपिटकातील एक प्रसंग आपणांस ठाऊक आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. सोबतच्या भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि उचलून मंचावर निजवले. तथागतांनी त्याला हा आजार कशाने झाला, हे विचारीत बसण्याऐवजी आधी त्याची सेवा केली.

आणि आपण काय करतो? कोणाच्या अंगावर पुरळ दिसले की चौकात कुजबुज करतो. त्या कुजबुजीच्या भीतीनेच आजारी माणूस गोंदियाच्या गाडीत बसायचे टाळतो. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीग्रस्ताशी नोकरीत, शाळेत वा दवाखान्यात भेदभाव करण्यास मनाई केली आहे. त्याच्या संमतीवाचून त्याचा आजार उघड करणेही या कायद्याला मंजूर नाही. पण कायदा चौकातली जीभ आवरू शकत नाही; ती आपणच आवरली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक लक्षात ठेवा आणि इतरांना सांगा. समितीच्या सभासदांना माझी विनंती आहे की, कोणी विश्वासाने आपले दुखणे सांगितले तर ते मनातच ठेवा आणि त्याच्यासोबत केंद्रापर्यंत जा. करुणा ही वंदनेत म्हणण्यापुरती नाही, ती अशा वेळी आचरणात आणायची असते.